मैफल संपल्यावर जे बोललं जातं

रसिक : भैरवी झाली की मैफल संपली, हे मला कधीच पटलेलं नाही. देवासला कुमार गंधर्वांच्या जयंतीच्या सुमारास त्यांच्या नावाचा समारोह होतो. मल्हार स्मृती मंदिरातून लोक बाहेर पडतात आणि लगेच पांगत नाहीत, आवारात घोळके करून उभे राहतात. कुणाला इंदूर गाठायचं असतं, कुणाला धार. कुणी देवासचेच जुने, ज्यांच्या घरात रजबअली खाँसाहेबांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. तिथं जे बोलणं होतं, त्यानं माझी मैफल पुरी होते. आत मी एकटा असतो. बाहेर आल्यावर कळतं, की ज्या जागी माझे डोळे भरून आले तिथं शेजारचा चुळबुळत होता, आणि जी तान माझ्या कानांवरून गेली तिनं त्याला खुर्चीवरून उठवलं होतं. हे कळलं नाही तर मी फक्त माझ्यापुरतं गाणं घेऊन घरी जातो. ते मला अपुरं वाटतं.

साशंक : मीही त्याच आवारात उभा असतो. बोलत नाही, ऐकतो. आणि मला तिथं गाण्याबद्दल फार थोडं ऐकू येतं. ‘भारावून गेलो’, ‘अंगावर काटा आला’, ‘काय तयारी आहे हो’, ‘वेगळ्याच जगात नेलं’. परवाच्या गायिकेचं नाव काढून उद्याच्या सतारवादकाचं घाला, या वाक्यांत एक अक्षर बदलावं लागत नाही. जे म्हणणं कुठल्याही मैफलीला चालतं, ते कुठल्याच मैफलीबद्दल नसतं. ते सांगणाऱ्याबद्दल असतं : मी हजर होतो, मला कळतं, मला गहिवर येऊ शकतो. आता तर गाणं चालू असतानाच लोक हे लिहून पाठवतात. षड्ज लागायच्या आत ‘अविस्मरणीय’ झालेलं असतं. मैफलीनंतरच्या या बोलण्यानं मैफल पुरी होत नाही, झाकली जाते, असा माझा अनुभव आहे. घरी जाताना माझ्या कानात गाणं नसतं, लोकांची विशेषणं असतात.

रसिक : शब्द मोडके आहेत म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. माणूस दोन तास काहीतरी उचलत बसलेला असतो आणि बाहेर येताच त्याला ते खाली ठेवायला जागा लागते. हाताशी येईल तो शब्द तो वापरतो. पण तुम्हाला नेमकंच हवं असेल तर ऐका. परवा बागेश्री होता, विलंबित एकतालात. पहिल्या दोनतीन आवर्तनांत ती गायिका मध्यमाभोवतीच राहिली. बागेश्रीत मध्यम हेच घर, त्यामुळे त्यात नवल नाही. पण संवादिनीवाला तिच्या प्रत्येक विरामात स्वर भरत होता, अगदी सवयीनं, आणि तिनं नुसता हात वर केला. मान वळवली नाही, रागावली नाही. संवादिनी थांबली. त्यानंतरच्या विरामात खाली फक्त तानपुरे उरले आणि तो विराम एकदम मोठा झाला. मग कुठंतरी पंचम आला, आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा. माझ्या शेजारच्या बाईंना तो ऐकू आला नव्हता. बाहेर मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला वाटलं माझ्याच मनात काहीतरी झालं. आता सांगा, हे बोलणं झालं नसतं तर त्यांचा तो पंचम कायमचा त्यांच्या मनातला भासच राहिला असता की नाही?

साशंक : हे चांगलं सांगितलंत. हात वर झाला, संवादिनी थांबली, विराम मोठा झाला. यात एकही विशेषण नव्हतं आणि मला ती मैफल दिसली. पण एवढं सांगायला तुम्हाला मी टोचावं लागलं. आवारात तुम्हीही ‘जमून आलं होतं’ एवढंच म्हणालात, मी ऐकलं आहे. आणि दुसरी गोष्ट. त्या बाईंचा तो पंचम भासच राहिला असता तर बिघडलं काय असतं? तुम्ही त्याला नाव दिलंत. त्यांच्याजवळ एक अनाम गोष्ट होती, ती आता बागेश्रीतला अल्प पंचम झाली. तुम्ही दिलंत की काढून घेतलंत, मला ठरवता येत नाही.

रसिक : मलाही येणार नाही. पण नाव दिल्यामुळे पुढच्या वेळी त्या वाट बघतील, आणि वाट बघत ऐकणं हे नुसत्या ऐकण्यापेक्षा मोठं असतं. बरं, राग न जाणणाऱ्याचंच उदाहरण घेऊ. १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे एक इंग्रज चिटणीस होता, ई. एम. फॉर्स्टर. त्यानं घरी पत्रं लिहिली, पुढं १९५३ साली त्यांचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक झालं. गोकुळाष्टमीच्या उत्सवाचं त्यानं केलेलं वर्णन पाहा. चालणारं गाणं, वाद्यं, रंग, उकाडा, स्वतः महाराज नाचताहेत. त्याला त्या गाण्यातलं कळत नव्हतं, पुष्कळसा गोंगाटच वाटत होता, आणि तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. आज शंभर वर्षांनी देवासच्या त्या अष्टमीचं इतकं जिवंत चित्र मला दुसरीकडे सापडत नाही. जाणकार सगळे तिथं बसले होते. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही.

साशंक : म्हणून मला ते पुस्तक अस्वस्थ करतं. त्या भजन्यांनी काय गायलं, कुठल्या चालीवर, कुणाकडून शिकलेलं, यातलं काही त्यात नाही. आहे ते एका परक्या माणसाचं भांबावणं, आणि ते इतकं सुरेख लिहिलेलं आहे की तेच त्या अष्टमीचं सत्य होऊन बसलं. पुढं ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात तोच उत्सव आला आणि जगभर गेला. लिहिणाऱ्याच्या हातात ही फार मोठी सत्ता असते. गाणारे मुके राहतात, ऐकणारा बोलतो, आणि उरतं ते ऐकणाऱ्याचं. रजबअली खाँसाहेबांचंच घ्या. अमीर खाँसाहेबांवर ज्यांची छाया मानली जाते, निवृत्तीबुवा सरनाईकांसारखा गवई ज्यांच्याकडे शिकला, एवढा मोठा माणूस. १९५९ पर्यंत होता, म्हणजे काही फार प्राचीन काळ नव्हे. पण त्याच्या नावाबरोबर आज आपल्याजवळ काय आहे? किस्से. त्यांचा तिखटपणा, त्यांचा फटकळपणा, त्यांच्या तानेचा वेग. ध्वनिमुद्रणं मोजकी, तीही उतारवयातली. किश्श्यांत गाणं नसतं.

रसिक : पण किस्सेच नसते तर ती मोजकी ध्वनिमुद्रणं शोधायला कोण गेलं असतं? आणि तुम्ही ध्वनिमुद्रणाला साक्षीदार मानता, ते तरी कुठं निखळ आहे? अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांची. त्यात बसवलेलं गाणं हे त्या गवयाचं गाणं नव्हे, त्या मुदतीत मावलेलं गाणं आहे. ज्यांना अब्दुल करीम खाँसाहेब फक्त तबकड्यांतून माहीत आहेत, त्यांना त्यांचा विस्तार माहीत नाही. तो माहीत होता समोर बसलेल्यांना. गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं नसतं, देवधर मास्तरांनी ‘थोर संगीतकार’ लिहिलं नसतं, तर मराठी माणसाला आपल्या आधीच्या दोन पिढ्यांचं गाणं कसं होतं याची कल्पनासुद्धा करता आली नसती. यंत्र आवाज धरतं. सभा धरत नाही. ज्या रात्री गवयाला सूर सापडत नव्हता आणि मग एका श्रोत्यानं दिलेल्या नुसत्या ‘हां’वर तो सापडला, ती रात्र यंत्रात सापडणार नाही.

साशंक : कुमारांच्या गावात बसून तुम्ही तबकडीला कमी लेखता हे मला विचित्र वाटतं. सुळेभावीचा शिवपुत्र हा मुलगा तबकड्या ऐकूनच गायला लागला ना? समोर बसून कुणाला ऐकण्याआधी यंत्रातून ऐकलं आणि हुबेहूब गायलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, गंधर्व ही पदवी दिली. देवधर मास्तरांकडे मुंबईला शिकायला तो नंतर गेला. म्हणजे ज्याला आपण गेल्या शतकातला सर्वांत स्वतंत्र गवई म्हणतो, त्याच्या मुळाशी सभा नाही, तबकडी आहे.

रसिक : मुळाशी आहे, पण तिथं तो थांबला नाही. हुबेहूब गाऊ शकणारा मुलगा मोठेपणी नक्कल टाकून देतो, हा त्या गोष्टीचा अर्थ आहे. आणि टाकून कुठं देतो? इथंच. १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले, क्षयानं खंगलेले, कोरड्या हवेसाठी. गाणं बंद. बोलणंसुद्धा मोजून. १९५३ मध्ये अलाहाबादला पुन्हा मंचावर बसेपर्यंतची ती वर्षं त्यांनी काय केलं? ऐकलं. घराबाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, सणाची, माळव्यातल्या ऋतूंची. इथल्या शीलनाथांच्या धुनीवर येणाऱ्या नाथजोग्यांची निर्गुणी भजनं. ऐकून नुसतं भारावले नाहीत. त्या धुनांच्या पोटात राग आहे हे त्यांनी दाखवलं. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा, हे सगळे त्या ऐकण्यातून आले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ते कागदावर उतरले. माझ्या दृष्टीनं ही ऐकलेल्या मैफलीची सर्वांत मोठी नोंद आहे.

साशंक : नोंद आहे, मान्य. पण ती मैफल नव्हती. त्या बायका मैफल करत नव्हत्या. त्या दळत असतील, हळद लावत असतील, मळ्याच्या वाटेवर गात असतील. समोर श्रोता आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. खाटेवर पडलेला एक माणूस भिंतीपलीकडून ऐकत होता. तुमची सगळी बांधणी मंच, खुर्ची आणि आवार यांवर उभी आहे, आणि तुमचं सर्वांत मोठं उदाहरण या तिन्हींच्या बाहेरचं निघालं.

हा मुद्दा मला सोडवत नाही, कारण मी नोकरीची बरीच वर्षं गंधवानीला शाळेत काढली. धारहून मनावरकडे उतरत गेलं की तो मुलूख लागतो, भिल्ल-भिलालांचा. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिथं भगोरिया. प्रत्येक गावाच्या बाजाराचा वार ठरलेला, त्या वारी तिथला भगोरिया हाट. आसपासच्या फळियांमधून, म्हणजे पाड्यांमधून, माणसं आपापले मांदळ घेऊन येतात. मांदळ म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचा मोठा ढोल, त्याच्याबरोबर थाळी, बासरी. एकेक टोळी बाजारात शिरते, गोल धरते, नाचते, पुढं सरकते, दुसरी येते. एकाच वेळी कितीतरी मांदळ. तिथं बसायला जागा नाही, कारण बसून ऐकायचं असतं ही कल्पनाच नाही. मी पहिल्या वर्षी कडेला उभा राहिलो, तुमच्या मल्हार स्मृती मंदिरातल्या रसिकासारखा. माझ्याकडे लोक असे पाहत होते की या माणसाचं काय बिघडलं आहे. टाळी कधी वाजवायची, कुणाला दाद द्यायची, काही कळेना. वाजवणारा आणि ऐकणारा असे दोन पक्षच नव्हते.

होळीनंतर शाळा भरली की मी वर्गात विचारायचो, भगोरिया कसा झाला? कुणी ‘चांगला झाला’ म्हणालं नाही. एक मुलगा बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरायचा. मागच्या बाकावरचा त्याला थांबवायचा, तसा नाही, आणि आपला ठेका दाखवायचा. तिसरा पट्टी घेऊन थाळीचा आवाज भरायचा. वाद व्हायचा, खरा वाद : आमच्या फळियाचा मांदळ वळणावर कसा पडतो आणि त्यांचा कसा. मुख्याध्यापक येईपर्यंत हे चालायचं. मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत चांगलं संगीत-समीक्षण हे आहे. त्यात ‘तसा नाही’ यापलीकडे एकही शब्द नव्हता. ज्याला ते वाजवता येत नाही, त्याला त्या वादात जागाच नव्हती. मलाही नव्हती.

रसिक : हे ऐकून मला त्या वर्गात असावंसं वाटतं. पण तुम्ही त्यावरून काय काढता? ज्याला गाता येत नाही त्यानं बोलू नये? मग मल्हार स्मृती मंदिर रिकामं करा. १९४८ सालीच देवासच्या दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या. ज्या दरबारात रजबअली खाँसाहेबांना ऐकायला मोजकी माणसं बसत, तो दरबार संपला. त्याच साली कुमारजी इथं आले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. राजा गेल्यावर गवयासमोर कोण बसणार होतं? शिक्षक, कारकून, वकील, त्यांच्या बायका. ज्यांना गाता येत नव्हतं असे लोक. पुढं इंदूरला आकाशवाणी आली, अभिनव कला समाजासारख्या संस्था होत्याच, नंतर सानंद झाली. या लोकांना गाणं कुणी शिकवलं नाही. शेजारी बसलेल्यानं ‘वा’ कुठं म्हटलं यावरून ते शिकले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात तेच. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला तेव्हापासून किती घरांतल्या लोकांचे कान त्या मांडवात तयार झाले असतील. सतरंजीवर बसलेला कुणी आजोबा पुटपुटायचा, ‘आता धैवतावर येईल बघ’, आणि मागच्या मुलाला धैवत भेटायचा. हे बोलणं बंद करून तुम्ही गाणं पुन्हा मोजक्यांच्या हवाली कराल. तुमच्या वर्गात तर त्याहून मोजक्यांच्या.

साशंक : सवाईचं नाव काढलंत ते बरं केलंत. ते ऐकणं आता आहे का? रात्रभर चालणारा महोत्सव होता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली, एखाद्या दिवशी बाराची सवलत. उत्तररात्रीचे राग मंचावरून जवळजवळ गेले. पहाटेचा ललत ज्यांनी पहाटे ऐकला ते आता म्हातारे झाले. नियम योग्य आहे, आजाऱ्यांना झोप हवी, मी नियमाविरुद्ध नाही. पण त्यानंतर लोकांच्या बोलण्यात मला ही उणीव कधी ऐकू आली नाही. ‘यंदा व्यवस्था छान होती’ हे ऐकू आलं. एक अख्खा प्रहर गेला आणि रसिकांच्या गप्पांत त्याची खूण नाही. मग त्या गप्पा नेमकं काय जपतात?

रसिक : तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. माझ्या ओळखीत जुनी माणसं त्याबद्दल हळहळतातच. पण हळहळ सांगणारा कंटाळवाणा वाटतो, म्हणून ते दोघातिघांतच बोलतात. आणि तुमच्या गंधवानीबद्दल एक विचारू? तुम्ही बाकावरच्या ठेक्याचं सांगितलंत, ते सुंदर आहे. पण भगोरियाबद्दल बाहेरच्या जगाला काय माहीत आहे? पळून जाऊन लग्न करायची जत्रा, गुलाल लावला की होकार, विड्याचं पान खाल्लं की ठरलं. वर्षानुवर्षं पाहुण्यांनी हेच लिहिलं. तिथले शिकलेले तरुण आज संतापून सांगतात की हा होळीआधीचा बाजार आहे, आमच्या पोरींना असं दाखवू नका. हे का झालं? कारण ज्यांना ठेका माहीत होता ते बोलले नाहीत आणि ज्यांना माहीत नव्हता ते बोलले. शब्दाविना समीक्षण वर्गात पुरतं. वर्गाबाहेर ते हरतं.

साशंक : हा घाव बसला. खरं आहे. मी स्वतः ते किस्से छापून आलेले वाचले, आणि त्या मुलांनीही वाचले. एका मुलीनं वर्तमानपत्राचं ते पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, काही न बोलता. आता तिथं फोन घेऊन उभे राहणारे पाहुणे मांदळवाल्यांपेक्षा जास्त दिसतात, आणि काही टोळ्या मांदळाऐवजी डीजेची गाडी आणतात. पण यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. ‘म्हणून अधिक बोला’ असं मी म्हणणार नाही. ‘ज्याचं गाणं आहे त्याला उत्तर द्यायची सोय असेल तिथंच बोला’ एवढं म्हणेन. आवारातल्या गप्पांत गायिका नसते. ती आत हार-तुरे स्वीकारत असते.

रसिक : मग तशी सोय देवासमध्येच झाली होती, हे तुम्हाला आठवत असेल. नव्वदच्या दशकात ‘एकलव्य’ संस्थेनं इथं ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. खेड्यापाड्यांतल्या भजनमंडळ्या यायच्या. तंबुरा, करताल, ढोलक. रात्रभर गायचं आणि मध्ये थांबून बोलायचं. जे गायलं त्याचा अर्थ काय, आणि त्या अर्थाप्रमाणे आपण वागतो का. देवघरातल्या मूर्तीबद्दल कबीर असं म्हणतो, मग तू काय करतोस? ‘जात नाही’ असं गातोस, मग पंगतीत कुणाशेजारी बसतोस? गाणारे आणि विचारणारे तेच. माळव्यात ही परंपरा किती खोल आहे हे आता दिल्लीलाही कळलं आहे. प्रह्लादसिंह टिपानियांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, देवास जिल्ह्यातल्या कालूराम बामनियांना २०२४ मध्ये. पण मला सन्मानांपेक्षा ते मध्ये थांबणं महत्त्वाचं वाटतं. तिथं गाण्यानंतरचं बोलणं गाण्याचाच भाग होतं, आणि ते बोलणाऱ्याला महाग पडू शकत होतं.

साशंक : महाग पडू शकत होतं, हा शब्दप्रयोग मला हवा होता. आपल्या बोलण्यात तेवढंच नाही. तुम्ही-आम्ही मराठी मंडळी, चारदोन पिढ्या माळव्यात राहिलो, कुमारांच्या तोंडचे कबीर ऐकून माना डोलावल्या. ‘त्रिवेणी’ ऐकलं, निर्गुणी भजनं ऐकली, तबकड्या घासून संपवल्या. कुणी मैफलीनंतर आवारात उभं राहून विचारलं का, की हे ऐकून आता आपण काय करणार? आपण चर्चा केली ती आवाजाच्या लगावाची, एका फुप्फुसावर माणूस असं कसं गातो याची. फुप्फुस हा आपला आवडता विषय झाला. त्यांनी काय म्हटलं ते बाजूला राहिलं.

रसिक : इथं मी तुमच्याशी भांडेन. आवाजाचा लगाव ही बाजूची गोष्ट नाही. कबीर त्यांच्या गळ्यात निर्भय झाला तो त्या फेकीमुळे, स्वर टाकून लगेच सोडून देण्यामुळे. ती फेक त्यांनी जोग्यांकडून उचलली. ती ऐकू आली नाही तर उरेल फक्त मजकूर, आणि मजकूर तर पोथीत आहेच. तुम्हाला गाण्याच्या जागी विचार हवा आहे का? मग सभागृह कशाला, व्याख्यान ठेवा. मला त्या फेकीबद्दल बोलणारा माणूस हवा. ‘इथं त्यांनी शब्द अर्ध्यात तोडला’ असं सांगणारा. तो माणूस माझ्या लेखी कबीराच्या जास्त जवळ जातो.

साशंक : हे मी नाकारत नाही. गंधवानीतला तो मुलगाही अर्थ सांगत नव्हता, मांदळ वळणावर कसा पडतो तेवढंच सांगत होता. पण तो दुसऱ्याला ‘तसा नाही’ म्हणू शकत होता. तुम्ही कधी म्हणता? केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं लिहीत, ‘आजचे प्रसिद्ध गायक’ वाचा. तेव्हाच्या नामवंतांबद्दल काय आवडलं आणि काय खटकलं ते नाव घेऊन, कारण देऊन. आज आवारात असं कोण बोलतं? परवा तुमच्या त्या गायिकेचा दुसरा राग फसला. तुम्हालाही माहीत आहे, मलाही. द्रुतात ती तबल्याच्या मागं धावत होती. तुम्ही बाहेर येऊन मध्यमाबद्दल बोललात.

रसिक : फसला. हो. आणि मी गप्प राहिलो, त्याला कारण आहे. ती तिशीतली मुलगी. वर्षाकाठी किती आमंत्रणं मिळत असतील? इंदूर-देवासच्या आयोजकांपर्यंत आवारातला एक शब्द पोचला की पुढचं वर्ष गेलं. भोळ्यांनी ज्यांच्यावर लिहिलं ते भक्कम होते, कंपन्यांच्या तबकड्या, संस्थानिकांचे आश्रय पाठीशी होते. तिच्या पाठीशी काय आहे? खरं बोलण्याची किंमत बोलणाऱ्यानं मोजावी हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. इथं किंमत तिला मोजावी लागली असती, मला नाही.

साशंक : मग तिलाच का नाही सांगितलंत? आत जाऊन. नमस्कार करून, बसून.

रसिक : पन्नास जण रांगेत होते, प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो हवा होता. आणि मी कोण? ना गवई, ना गुरू. तिनं विचारलं असतं, तुम्ही गाता का?

साशंक : म्हणजे शेवटी तुम्हीही बाकावर ठेका धरणाऱ्याच्याच बाजूचे. ज्याला वाजवता येत नाही त्याला तिथं जागा नाही, हे तुम्ही आतून मानता. फक्त आवारात मानत नाही.

रसिक : नाही. मी मानतो की जागा आहे, पण ती मागायची कशी हे मला ठाऊक नाही. दरबारात ऐकणाऱ्याला हक्क होता, कारण तो बिदागी देत होता. भगोरियात आहे, कारण तो स्वतः वाजवतो. ‘कबीर मंचा’वर हक्क होता, कारण तो स्वतः जबाब द्यायला तयार होता. तिकीट काढून खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारख्याचा हक्क कशावर उभा आहे? आयुष्यभर ऐकलं, एवढ्यावर? मला वाटतं, एवढ्यावर उभा राहू शकतो. पण ते ऐकणं बोलण्यातून सिद्ध व्हावं लागेल, आणि ते तुम्ही म्हणता तसं ‘हात वर झाला, संवादिनी थांबली’ इतकं नेमकं असावं लागेल. तेवढ्यासाठी तरी मला ते आवार हवं. रोज बोललो नाही तर नेमकं बोलता कसं येणार?

साशंक : आणि मला वाटतं, नेमकं बोलता येईपर्यंत गप्प राहावं. आपण दोघं एकाच दाराशी उभे आहोत, तुम्ही बोलत बोलत आत जाऊ म्हणता, मी गप्प राहून. एक करून पाहू. पुढच्या समारोहाला मी गंधवानीची चारसहा पोरं आणतो. त्यांतले काही आता कॉलेजात आहेत. त्यांनी बागेश्री कधी ऐकलेला नाही. त्यांना कसं वाटलं हे त्यांना शब्दांत सांगता येणार नाही, ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतील. विलंबितात वाजवली, तर तुम्ही काय कराल?

रसिक : विलंबितात? थांबवीन. मी स्वतः वळून थांबवीन. ती मध्यमावर असेल आणि मागून ठक ठक येत असेल, ते मला चालणार नाही, तुमच्या कितीही लाडक्या पोरांचं असलं तरी.

साशंक : मग त्यांनी काय ऐकलं हे तुम्हाला कळणार कसं?

रसिक : बाहेर आल्यावर विचारीन. तिथंही वाजवूनच सांगणार असतील, तर तुम्ही शेजारी उभे राहा. मला त्यातलं काय धरायचं ते कळणार नाही.

साशंक : मलाही पुरतं कधी कळलं नाही. इतकी वर्षं मी फक्त ऐकत होतो.